चकचकीत काच

माशाचं पोट आत गेलं होतं. भिंग काचेला टेकवून तिने पुन्हा पाहिलं. बोटाच्या दोन पेरांएवढा देह, कुशीवर काळी रेघ, काचेला चिकटलेलं चकतीसारखं तोंड आणि कडेला इवल्या मिशा.

गेल्या आठवड्यात नवऱ्याने तो आणून लेकीच्या टाकीत सोडला होता. "नाव दुकानदारालाही ठाऊक नाही. काचेवरचं शेवाळ खातो म्हणे. तुला तेवढीच उसंत."

तिला उसंत नको होती. लेक अपघातात गेली तेव्हापासून ती रोज सकाळी टाकीची काच घासत होती, आतून-बाहेरून, आरशासारखी.

"अगं, कॉलेजातून फोन होता," नवरा दारातून म्हणाला. "प्राणिशास्त्र शिकवायला कधी येणार, विचारतात. 'बघते' असंच सांगू का परत?"

"ओटोसिंक्लस आहे हा," ती सपाट आवाजात म्हणाली. "याला शेवाळच लागतं. मी त्याला उपाशी मारतेय."

"मग नको ना घासूस."

"घरात राहिले तर घासणारच." तिने स्पंज पिळून खिडकीत वाळत ठेवला. "त्यांना सांगा, सोमवारपासून येते."