पहिली बोली

"नव्याण्णव?" आईची सुई हवेतच थांबली. "अगं, एवढ्यात तर निस्ता दोरा येतो."

"आई, ही फक्त सुरुवात असती. कमी आकडा दिसला की लोक धावत येतेत. मंग चढाओढ लागती. बघच तू!"

राजनंदिनीनं बटण दाबलं आणि आईची, म्हणजे धावड्यातल्या द्वारकाबाईंची गोधडी ऑनलाइन लिलावात उभी राहिली. निळ्या लुगड्याची, मधोमध मोर, कडेनं लाल ठिगळांची नक्षी. कालही तिनं हीच गोधडी टाकली होती, अडीच हजारांपासून. आकडा ऐकून आई पदर तोंडाला लावून हसली होती. मग हळूच म्हणाली होती, "किती म्हणलीस? परत सांग बरं." पण दिवसभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणून आज नव्याण्णव.

लिलाव पाचला संपणार होता. पाचलाच संपत नावाचा व्यापारी घरी येणार होता. संपत लेणीच्या फाट्यावरच्या दुकानांना माल पुरवायचा. घरात रचून ठेवलेल्या गोधड्या तो तीनशेच्या भावानं उचलणार होता, आणि इथून पुढं आई शिवेल ती प्रत्येक गोधडी त्याच भावानं त्याचीच. आई हो म्हणणार, यात शंकाच नव्हती. तिला भाव सांगताच यायचा नाही. लोक जुनी लुगडी आणून टाकायचे, गोधडी घेऊन जायचे. किती द्यायचे विचारलं की ही म्हणणार, "द्या तुमच्या मनानं." आणि लोकांची मनं कशी असतात ते राजनंदिनीला दहावीतच कळलं होतं. आज संपत यायच्या आत आईला खरा भाव दिसलाच पाहिजे होता. बस्स.

"आपल्या देवीच्या साड्यांच्या लिलावात असं नसतं," आई टाका घालता घालता म्हणाली. "ज्यानं साडी वाहिली, त्यानंच पहिली बोली बोलायची. देणाऱ्यानं किंमत धरली, तरच घेणारा धरतो."

"इथं आपल्याच वस्तूवर बोली लावली तर अ‍ॅपवाले हाकलून देतेत, आईसाहेब!"

मग सुरू झाली नुसती तगमग. राजनंदिनी ओट्यावर गेली, आत आली, पुन्हा ओट्यावर. फोन पालथा ठेवला, लगेच सुलटा केला. भूगोलाचं पुस्तक उघडलं, त्यातल्या नद्या तिला दिसल्याच नाहीत. गोधडी बघणारे वाढत होते, बोली मात्र एकाचीही नाही. बऱ्याच वेळानं एक आली. नव्याण्णव. आणि त्याच्यापुढं शुकशुकाट.

"कितीवर गेली?" आईनं विचारलं.

"नव्याण्णव." राजनंदिनीचा आवाज एवढासा झाला. आता कुणी आलं नाही, तर मोर नव्याण्णवला जाणार होता. वर संपतला हसायला आयतं कारण.

आईनं सुई गोधडीत खोचली. ज्वारीचा डबा कमरेवर घेतला. "गिरणीवर जाऊन येते," म्हणाली आणि निघालीसुद्धा. गिरणी भारतकाकाच्या घराला लागूनच होती. हा काका म्हणजे गावातला मोबाइलचा मास्तर. याच अ‍ॅपवर त्यानं जुना फवारणी पंप विकला होता.

आई परत आली ती डबा तसाच कमरेवर घेऊन. "गिरणीला लाईट न्हाई," ती म्हणाली आणि गरगरणाऱ्या पंख्याखाली बसली. राजनंदिनीनं मानही वर केली नाही. शेवटचं मिनिट चाललं होतं. आणि आकडा बदलला.

"आई!" तिच्या ओरडण्यानं ओट्यावरची कोंबडी उडाली. "अडीच हजार! एकदम अडीच हजार! संपला लिलाव!"

आई सुईत दोरा ओवत होती. "किती म्हणलीस? परत सांग."

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. संपत आला तो दोरी उलगडतच. "वहिनी, बांधायच्या का? तीनशेप्रमाणं हिशोब करून टाकू."

राजनंदिनी फोन घेऊन पुढं झेपावली. हा बघा म्हणावं पुरावा!

"फोन खाली ठेव," आई म्हणाली.

"पण आई..."

"ठेव म्हणलं ना." मग तिनं संपतकडं पाहिलं. "अडीच हजार. एकीचे."

संपत हसला. "का बरं? सोन्याचा दोरा वापरला काय?"

"दोरा साधाच हाय. शिवणारी मी हाय."

तो चारशेवर आला. मग पाचशेवर. आई टाके घालत राहिली आणि दर वेळी तेवढंच बोलली, "अडीच हजार." शेवटी त्यानं दोरी गुंडाळली. "इचार करा वहिनी, न्हाई तर पस्तावताल," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

"जाऊ दे त्याला!" राजनंदिनीनं आईला मिठीच मारली. "आपलं गिऱ्हाईक फोनमध्ये हाय. बघ, कुठल्या शहरातलं हाय ते!" तिनं घेणाऱ्याचा पत्ता उघडला. वाचला. पुन्हा वाचला.

"आई, हा तर भारतकाका. धावडा, गिरणीजवळ."

"फोन भाऊजीचा. बोली माझी," आई म्हणाली. "मी न्हाई धरली तर कोण धरील?"

राजनंदिनीनं पंख्याकडं पाहिलं. मग ज्वारीच्या डब्याकडं. "म्हंजे संपतला भाव सांगितला, तव्हा तुला ठाऊक होतं? की घेणारं कुणीच न्हाई?"

"ठाऊक होतं," आईनं डबा पुन्हा कमरेवर घेतला, "म्हणून तर म्हणलं, फोन खाली ठेव."