खडूची फुली

बंगळूरच्या विमानतळावर हमालांचा एक नियम होता. ज्या पेटीवर खडूची फुली, ती जड. दोघांनी धरूनच डकोटा विमानात चढवायची. आप्पाजी अण्णांची कंबर पार गेली होती, पण कुणाला ‘हात लाव’ म्हणतील तर शपथ! म्हणून त्यांच्याबरोबरचा तरुण हमाल देवाप्पा गुपचूप हलक्या पेट्यांवरही फुल्या मारायचा आणि दुसरी कडी आपण धरायचा. तीन वर्षं अण्णांना काही पत्ता नाही, याची त्याला खात्री होती.

निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल आणि नारळ पिशवीत घालून अण्णा फाटकापाशी त्याची वाट बघत थांबले. तो दिसताच त्यांनी पिशवी पुढे केली. तिच्यावर खडूची भली मोठी फुली होती.

“स्वल्प जड आहे रे, धर एक बंद. शिवाजीनगरला घरापर्यंत एकट्याला झेपायची नाही.”