एक घागर जास्तीची

"आखजीले आपल्या पितराईले घागर देशीन, तवा एक वावरातल्या गोट्याईपाशी ठेवजो, मनकर्णा. तिथी जुने लोक निजले हायेत. त्याईचं नाव घेनारं कोनी नाई राह्यलं."

सासूने, पार्वताबाईने, अकोल्याच्या दवाखान्यात हात धरून आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या घागरीचं सांगितलं होतं. "हो माय," मनकर्णा म्हणाली होती. पण सासूचं दिवसकार्य आटोपून ती वावरात गेली, तेव्हा गोट्यांचं, त्या मोठाल्या दगडांचं रिंगण उरलंच नव्हतं. ती सासूपाशी दवाखान्यात असताना नवऱ्याने, डोमाजीने, जेसीबी लावून वावर सपाट केलं होतं. गोटे कोणत्या रस्त्याच्या भरावात गेले, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या हिवाळ्यात पुरातत्त्वाची एक पोरगी जुना नकाशा घेऊन आली. नकाशावरचा ठिपका अख्ख्या वावराएवढा. दिवसभर फिरून म्हणाली, "काकू, अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी होती इथं. आता एक खापरसुद्धा नाही."

गेल्या आखजीला मनकर्णा भरली घागर घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभी राहिली आणि सपाट वावरात जागा कळेना म्हणून तशीच परतली. त्या जुन्या लोकांना दिल्यावाचून आंबा खायचा नाही, हा तिचा नेम. सबंध उन्हाळा तिने आंबा तोंडात घातला नाही. डोमाजी मग गोठ्यात जाऊन, चोरून खायचा.

उद्या पुन्हा आखजी. जास्तीची घागर तिने आणून ठेवली होती. ठेवायची कुठे, ते देवालाच ठाऊक.

ती भाकर घेऊन वावरात पोचली, तर डोमाजी बैलावर खेकसत होता. यंदा ट्रॅक्टर मिळाला नाही, म्हणून त्याने घरचीच जोडी वखराला जुंपली होती.

"काहून वाकडा चालून राह्यला बे चांद्या? समोर भिताड हाय का?"

चांद्या घरच्या गाईचा, बारा वर्षांचा बैल. दर फेरीला एकाच ठिकाणी तो अंग चोरून बाजूला वळायचा, आणि शेजारचा नवा गोऱ्हा मुकाट त्याच्यासंगं ओढला जायचा.

"पाह्य याचं! बुढा झाला. डोयानं दिसत नाई त्याले."

"त्याले दिसते," मनकर्णा म्हणाली. "थांबवा वखर."

ती चालत मधोमध गेली. दोन्ही अंगांनी वखराच्या रेघा वाकल्या होत्या. त्यांच्या मधे वखर न लागलेला एक गोल तुकडा उरला होता, ढेकळांसकट. ज्या गोट्यांना चांद्या जन्मभर वळसा घालत आला, त्यांना तो अजूनही घालत होता.

डोमाजी वखरावरून उतरला. त्या तुकड्याच्या कडेशी आला. मग त्याने डोक्याचा दुपट्टा काढला.

"एवढं राहू देऊ म्हनतं?"

"राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजवळ दिवा लावून, घरच्या पितरांना घागर देऊन, मनकर्णाने दुसरी घागर भरली. डोमाजीने दारात तिच्या ओटीत दोन आंबे टाकले.

"एक त्याईले. एक तुले, तिथीच बसून खा."

"आन चांद्याले?"

"त्याले मी देतो. त्याची माफीबी मांगतो."

मनकर्णा हसली नाही, पण तिने पदर डोळ्यांना लावला. चुंबळ नीट केली, घागर डोक्यावर घेतली आणि पांदणीच्या वाटेने वावराकडे चालू लागली.