चौथ्या मजल्यावरून खाली

"पट्टा आवळ. मेलेला माणूस स्वतःला सावरत नाही," फळीवर आडवं होत बाबांनी थोरल्याला फर्मावलं.

रविवारची सकाळ होती आणि बाबांना नुसता चेव चढला होता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचं सामान हलवलं होतं. कपाटं, पलंग, एकदा तर अख्खा पियानो जिन्यावरून उतरवला होता. आता मेल्यावर स्वतःला कसं उतरवायचं, याचा बेत त्यांनी आखला होता आणि आज त्याची तालीम होती. लिफ्टमध्ये आडवा माणूस मावत नाही, हे टेप लावून मोजून झालं होतं. फुलं नकोत, भाषणं नकोत. रडायचं ते रस्त्यावर पोचल्यावर, कारण जिन्यात डोळे भरले की पायरी चुकते. हे सगळं त्यांनी चहाच्या आधीच आईला तीनदा ऐकवलं होतं. शेवटची अट मात्र पक्की होती. उचलायचं ते दोन्ही मुलांनीच, भाडोत्री माणूस चालणार नाही.

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. थोरला आणि धाकटा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका गिऱ्हाइकाचं आरशाचं कपाट जिन्यात पडलं आणि चूक कुणाची, यावरून भावांचं जे बिनसलं ते बिनसलंच. धाकट्यानं दुसरीकडे नोकरी धरली. एका टेबलावर जेवायला बसले तरी मीठ आईमार्फत मागायचे. आज तो येईल असं थोरल्याला वाटलंच नव्हतं. पण तो आला होता आणि बाह्या दुमडून उभा होता.

धंद्याचा नियम दोघांना लहानपणापासून पाठ होता. खालचा पाठमोरा उतरतो, वजन पेलतो आणि त्याला काही दिसत नाही. वरच्यानं तोंडानं वाट सांगायची. थोरल्यानं खालचं टोक धरलं, धाकट्यानं वरचं.

दारातून बाहेर पडले आणि थोरल्याचा पाय हवेतच चाचपडायला लागला. वरून आवाज येईना.

"बाबा, त्याला सांगा, पायरी आली," धाकटा शेवटी म्हणाला.

"मी मेलोय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मला काय सांगतोस?"

फळी तिरकी होत होती.

"दादा, पायरी."

थोरल्याला एकदम गलबलून आलं. बाबांचा नियम आठवून त्यानं डोळे कोरडे ठेवले आणि पाय टेकला. मग धाकटा थांबेचना. अजून चार, आता सपाट, भिंतीला कोपर जपून. तिसऱ्या मजल्यावर दोघांची वजनावरून हुज्जत झाली. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण दार उघडून किंचाळली, मेलेल्या बाबांनी तिला नमस्कार केला आणि दोघं भाऊ इतके हसले की फळी कठड्यावर टेकवावी लागली. थोरल्याला वाटलं, हा जिना दहा मजल्यांचा असता तर बरं झालं असतं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर तो हळूच म्हणाला, "तेव्हा हात माझा सुटला होता."

"मी वळण सांगितलं नव्हतं," धाकटा म्हणाला. "आता सांगतोय. डावीकडे घे."

रस्त्यावर पोचले तेव्हा दोघंही घामानं निथळत होते. धाकटा फुटपाथवर बसून पुढच्या वेळी पट्टा कुठं बांधायचा ते थोरल्याला हातवारे करून समजावत होता. आई लिफ्टनं पाण्याची बाटली घेऊन खाली आली.

"जमलं गं आई," थोरला धापा टाकत म्हणाला. "वेळ आली की बाबांना अगदी अस्संच उतरवू आम्ही."

आईनं बाटली त्याच्या हातात दिली आणि वाकून बाबांचा पट्टा सोडायला घेतला.

"तुम्हाला कोण उतरवू देतंय? दोन महिन्यांपूर्वीच यांनी देहदानाचा अर्ज भरलाय. मेडिकल कॉलेजची गाडी येणार, आणि उचलणारी माणसंही त्यांचीच."