दोन थापा

कुरामोची वस्तादांच्या ज्युदोच्या तालमीत एका नियमाला माफी नव्हती. पकडीत सापडलेल्यानं चटईवर दोन थापा मारल्या, की त्याच क्षणी त्याला सोडायचं. एकदा सोडायला जरा उशीर झाला म्हणून त्यांनी पोटच्या पोरीला, चिझुरूला, सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. स्वतः वस्तादांनी मात्र जन्मात कधी अशी थाप मारली नव्हती.

आता हॉस्पिटलात त्यांच्या घशात श्वासाची नळी होती, बोलणं बंद. उशाशी बसलेल्या चिझुरूकडे बघत त्यांनी पलंगावर दोन थापा मारल्या.

“अगंबाई, हात हलवताहेत,” नर्स हरखली. “चांगलं लक्षण आहे हो, ताई.”

“हो ना,” चिझुरू म्हणाली, आणि त्यांना पुन्हा थाप मारता येऊ नये म्हणून तिनं तो हात दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरला.