कानात सांगितलेलं

मॅनेजरनं मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला, तेव्हा कुठं भोंग्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं.

"नाही काका, चूक तुमच्या पोराची नव्हती. मशीनच्या पट्ट्यावरची जाळी मोठ्या साहेबांनीच काढायला लावली होती. काम भरभर व्हावं म्हणून."

पडद्यावर तो एका म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला होता. दारात चपलांचा ढीग होता आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं माना वळवून बघत होती.

"एवढा मोठा आवाज माझा आहे?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. कापडगिरणीतल्या मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. त्याचं नावच भोंगा पडलं होतं. तो ज्याला कुजबुज म्हणायचा, ती नाक्यापर्यंत जायची.

"साहेब, मी कानात सांगितलं होतं."

"कानात? अख्ख्या गल्लीनं ऐकलं. कुणीतरी व्हिडिओ काढला, आता अख्खं गाव ऐकतंय."

"सुट्टीचा दिवस होता. शेजारच्या मागावरचा जोडीदार होता माझा, त्याच्या मयताला गेलो होतो. कंपनीच्या कामाला नाही."

"कुठंही जा हो. नोकरी आमची करता ना? ही खाजगी कंपनी आहे. कुणाला ठेवायचं, ते आम्ही ठरवतो."

मॅनेजर तसा वाईट नव्हता. त्यानं बसायला सांगितलं होतं, पाणी विचारलं होतं. एक वाटही काढून ठेवली होती. भोंग्यानं मोबाइलसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं, की दुःखाच्या भरात मी काहीबाही बोललो, चूक गेलेल्या माणसाचीच होती. म्हटलं की प्रकरण मिटलं, उद्यापासून कामावर हजर.

भोंगा पडद्याकडं बघत राहिला. मुलगा पट्ट्यात ओढला गेला तेव्हापासून हा म्हातारा येईल त्याला एकच विचारत होता, माझ्याच पोराचं चुकलं का रे? कुणी खांद्यावर हात ठेवायचं, कुणी नशिबाला दोष द्यायचं. उत्तर कुणी देत नव्हतं. भोंग्यानं दिलं, तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा रडला.

"आता जे बोलायचं, तेही काकांना ऐकू जाणार?"

भोंग्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

घरी पोचला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आतल्या खोलीत आई झोपून होती. तिचं हृदय आता फार दिवस साथ देणारं नव्हतं. तिला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दोन खोल्यांच्या मध्ये होता नुसता एक पडदा.

"अहो, आज इतक्या लवकर?"

त्यानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. हळू बोलणं म्हणजे काय, ते आजच त्याला समजलं होतं आणि ते आपल्याला जमणार नाही, हेही.

त्यानं दोन्ही हात समोर धरले, तळवे एकमेकांवर आडवे ठेवले आणि खाली सोडून दिले. गिरणीतली खूण. माग बंद पडला.

लग्नाआधी ती त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरायला होती. त्या खडखडाटात शब्दांचं काही चालायचं नाही, सगळा कारभार हातांचा. त्याचं तिच्याशी जमलं तेही अशाच खुणांवर, सगळ्यांच्या देखत आणि कुणाच्याही नकळत. इतक्या वर्षांनी तिचे हात आपोआप वर आले. तिनं दोन बोटं जुळवून विलग केली. धागा तुटला?

धागा तुटला असता तर गाठ मारून माग पुन्हा चालू करता आला असता. त्यानं मान हलवली. मग पुन्हा तेच केलं, तळवे आडवे धरून खाली सोडले. ह्या वेळी ते वर उचलायला त्याला जमेना.

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. तो त्याचा कामावरचा होता. तिनं त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. तिला खूप रडावंसं वाटत होतं, पण त्यालाही आवाज असतो.

पडद्यामागं खाट कुरकुरली.

"आला का गं तो?"

"हो आई, आत्ताच आले."

"आला म्हणतेस," म्हातारी उठून बसत म्हणाली, "मग त्याचा आवाज कुठंय?"