वाहत्या नळाचा फोटो

"वाहत्या नळाचा फोटो गेल्याशिवाय दिल्लीहून पुढचा हप्ता सुटत नाही, मावशी," असं मीच सांगितलं होतं. मी, नळयोजनेचा इंजिनिअर. टाकी अर्धवट होती आणि तिच्या दारातला नळ कोरडा.

मावशीनं टँकरच्या पाण्याचा उरलेला एकच हंडा बाहेर आणला. "तुमचं काम अडायला नको." नळाला हळदकुंकू वाहिलं, पदर सारखा केला. प्लंबरनं भिंतीमागून पाइपात हंडा ओतला, तशी ती धारेखाली ओंजळ धरून हसली. मी फोटो काढला.

हप्ता अजून यायचाच आहे. पण त्या फोटोवरून गावाला पाणी मिळाल्याची नोंद झाली आणि टँकर बंद झाला. मावशी पुन्हा डोंगराखालच्या विहिरीवर जायला लागली. सोमवारी तिथंच पाय घसरून आत पडली. गेली.

आज भेटायला गेलो. मावशीच्या नवऱ्यानं, काकांनी, तांब्याभर पाणी पुढं केलं. मला ते घेववेना. समोर भिंतीवर, हार घातलेल्या चौकटीत, मावशी ओंजळ धरून हसत होती.

"ग्रामसेवकाकडून मागून आणला," काका म्हणाले. "जन्मात तेवढाच एक फोटो निघाला तिचा. बरं झालं साहेब, तुम्ही काढलात."